आई-बाबांना पत्र: आरव्हीतली सहल, वाटेवरचे कॅसिनो आणि अलामोगोर्डोचं अंतराळ संग्रहालय

अल्बुकर्की, न्यू मेक्सिको

ती. आई आणि ती. बाबा,

शि. सा. नमस्कार.

फोनवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुकड्यातुकड्यानं देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून पाठवते. आईला काळजी संडास-अंघोळीची आहे, बाबांना कॅसिनोची. दोन्ही काळज्या रास्त आहेत, म्हणून दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते.

सहलीच्या तारखा ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या धरल्यात, त्याला कारण आहे. मार्च ते मे इकडे वारा फार असतो, आणि आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी आपली मोठी गाडी, ही रस्त्यावर उभी धरलेली भिंतच. जुलै-ऑगस्टमध्ये वादळी पाऊस असतो. त्यातून आपल्या शेवटच्या मुक्कामाशेजारच्या रुईडोसो गावाजवळचे डोंगर २०२४च्या वणव्यांत जळाल्यापासून तिथं थोड्या पावसानंही ओढ्यांना लोंढे येतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीत गरम हवेच्या मोठ्या फुग्यांचा उत्सव असतो, तेव्हा मुक्कामाची जागा मिळता मिळत नाही. तो संपला की हवा छान आणि गर्दी कमी.

गाडी साडेसात मीटर लांबीची आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळ्यासारखा पलंग असतो, तिथं मी झोपेन. मागचा पलंग तुमचा, त्याला शिडी लागत नाही. दाराची पायरी उंच आहे. आई, उतरताना गाडीकडे तोंड करून, कडी धरून, एकेक पाऊल मागं टाकत उतरायचं. गुडघ्यांवर भार कमी येतो आणि तोल जात नाही.

आता संडास. आत नेहमीसारखा कमोड आहे, पण खाली गटार नसून टाकी आहे. या गाडीत तीन टाक्या असतात: साधारण दीडशे लिटर ताज्या पाण्याची, शंभर-सव्वाशे लिटरची मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची, आणि जवळपास तेवढीच संडासाची. कमोडच्या बाजूला पायानं दाबायचं पेडल आहे. अर्धं दाबलं की भांड्यात पाणी येतं, पूर्ण दाबलं की तळाची झडप उघडते. आधी थोडं पाणी घ्यायचं, काम झालं की पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद भरपूर पाणी सोडायचं. गाडीत बाकी सगळीकडे पाणी जपून वापरायचं, पण इथं मुळीच काटकसर करायची नाही. पाणी कमी पडलं की घट्ट मळ झडपेखाली साचून ढीग होतो, आणि तो मोकळा करणं हे या गाड्यांमधलं सगळ्यात त्रासाचं काम. आपली पाण्यानं धुवायची सवय इथं उपयोगीच पडते. आत तांब्या ठेवणार आहे. कागद वापरलात तर फक्त पाण्यात लगेच विरघळणारा, मी आणून ठेवलेला. ओले रुमाल पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, आत टाकायचे नाहीत.

टाकी रिकामी करण्याचं काम माझं. तरी बाबांना कळायला हवं, म्हणून लिहिते. हातमोजे घालून जाड नळी जोडायची, आधी संडासाची टाकी सोडायची, ती संपली की मोरीची. मोरीच्या साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुतली जाते, म्हणून हा क्रम कधी उलटा करायचा नाही. मग झडपा बंद करून संडासाच्या टाकीत दहा लिटर पाणी आणि औषध घालायचं. मुक्कामी गटाराची जोडणी असली तरी संडासाची झडप उघडी ठेवायची नाही. पुष्कळ लोक ती ठेवतात, मग पाणी तेवढं वाहून जातं आणि घट्ट भाग आत वाळतो. टाकी किती भरलीय हे दाखवणारे दिवेही फसवतात. भिंतीला कागद चिकटला की रिकामी टाकी भरलेली दिसते. म्हणून दिव्यांवर न विसंबता दर दोन दिवसांनी रिकामी करू.

अंघोळीला गरम पाण्याचा बंब जेमतेम २२ लिटरचा आहे, तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. शॉवर सोडून उभं राहिलं तर पाच मिनिटांत गार पाणी यायला लागतं. आपली बादली आणि तांब्या ही यावरची उत्तम सोय. अर्धी बादली, म्हणजे आठ-दहा लिटर, पुरते. एकामागून एक दोघांची अंघोळ गरम पाण्यानं होते आणि मोरीची टाकीही लवकर भरत नाही.

विजेचं गणित बाबांसाठी. मुक्कामाच्या जागी गाडीला वीज जोडायचा खांब असतो, त्यावरून ३० अँपिअर, १२० व्होल्ट मिळतात, म्हणजे एकूण ३,६०० वॅट. एसी दीड हजार घेतो, चहाची किटली दीड हजार, मायक्रोवेव्ह तेरा-चौदाशे. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडणार. नियम साधा आहे: किटली लावायची तर मायक्रोवेव्ह बंद. तुमचा मिक्सर आणू नका, तो २३० व्होल्टचा आहे, इथं चालणार नाही. फोनच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, तो फक्त पिन बदलून चालतो. जिथं खांबाची वीज नाही तिथं दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात, भिंतीतले सॉकेट मात्र जनरेटर लावल्याशिवाय चालत नाहीत. जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल घेतो, आणि टाकी पावपर्यंत आली की आपोआप बंद पडतो. त्याची नळी मुद्दामच तेवढ्या उंचीवर ठेवलेली असते, म्हणजे रात्रभर एसी चालवून सकाळी गाडी जागची हलेना असं होत नाही.

फ्रिज गॅसवर चालतो. आत अमोनिया आणि पाणी आपापल्या वजनानं फिरत असतं, त्यामुळे गाडी तिरकी उभी असेल तर ते एका जागी अडकतं, फ्रिज गार होत नाही आणि वर खराबही होतो. म्हणून थांबल्यावर पहिलं काम चाकांखाली ठोकळे घालून गाडी समतल करणं. आईचं इन्सुलिन त्यात ठेवायचं, पण गार पट्टीला टेकवून नाही. तिथं गोठलं तर फेकून द्यावं लागतं. निघायच्या आदल्या रात्रीच फ्रिज चालू करेन, कारण त्याला गार व्हायला सहा-आठ तास लागतात. पेट्रोल भरताना गॅसचा खटका बंद करायचा. फ्रिजची ज्योत आत पेटलेली असते आणि बाहेर पेट्रोलची वाफ.

स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर. कुकर माझ्याकडे आहे. अलामोगोर्डो साधारण १,३२० मीटर उंचीवर आहे, पुढं मेस्कालेरोकडे आपण दोन हजारांच्या वर जाऊ. तिथं पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कुकरलाही दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात. चहाला उकळी लवकर येते, पण रंग उतरायला वेळ लागतो. आई, फोडणी करण्याआधी छताचा पंखा आणि खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. जमिनीलगत दुसरा एक भोंगा आहे तो गॅसगळतीचा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो, म्हणून तो तळाशी बसवलेला. तो वाजला तर काहीही न चालवता, दिव्याचं बटणसुद्धा न दाबता, तिघांनी बाहेर पडायचं.

चालत्या गाडीत उठायचं नाही. संडास दोन पावलांवर दिसतो म्हणून मोह होतो, पण दोघांनी पट्टा लावूनच बसायचं. लागलं की सांगा, दर तासा-सव्वा तासानं मी थांबणारच आहे.

रस्ता असा. पहिल्या दिवशी फक्त इस्लेटापर्यंत, शहराच्या दक्षिणेला जेमतेम वीस किलोमीटर. इतकं जवळ मुद्दाम. गाडीत काही बिघाड निघायचा तर पहिल्याच रात्री निघतो: पंप सुरू होत नाही, हीटर पेटत नाही, कुठं नळी गळते. भाड्याचं ठिकाण जवळ असेल तर सकाळी दुरुस्त करून घेता येतं. इस्लेटा पुएब्लो या आदिवासी समाजाचा तिथं कॅसिनो आहे आणि तलावांजवळ आरव्ही पार्क, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाची जागा. खांबाच्या नळाला आधी पितळी दाबनियंत्रक लावायचा, ४० ते ५० पीएसआयचा. पार्कच्या नळाचा दाब कधीकधी दुपटीनं असतो आणि गाडीतल्या प्लास्टिकच्या नळ्यांचे सांधे सुटतात.

बाबा, आता कॅसिनोबद्दल. आपल्या मनात जुगाराचा अड्डा म्हटलं की जे येतं, ते इथं नाही. हे कॅसिनो आदिवासी समाजांच्या स्वतःच्या जमिनीवर, त्यांच्या मालकीचे आहेत. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॅलिफोर्नियातल्या कबाझोन समाजाच्या बाजूनं निकाल दिला, १९८८ साली त्यावर केंद्राचा कायदा झाला, आणि राज्याशी करार करून समाजांनी कॅसिनो चालवायला सुरुवात केली. नफा समाजाच्या कारभारावर, लोकांच्या कल्याणावर आणि विकासावर खर्च करावा, असं कायद्यातच आहे. ज्या लोकांची जमीन गेली, त्यांच्या हाती राहिलेला हा मोठा उद्योग आहे, आणि तो त्यांनी कष्टानं उभा केलाय. म्हणून मला तिथं थांबायला संकोच वाटत नाही.

खेळायचं असेल तर हिशेब आधीच माहीत असू दे. रूलेटमध्ये फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल, त्यावर पैसे लावतात. इथल्या चाकावर ३८ घरं असतात, १ ते ३६ आणि दोन शून्यं. एका आकड्याला मिळतात ३५ पट, आणि लावलेले परत. म्हणजे दर शंभर डॉलरमागं सव्वापाच डॉलर चाकाचे. पाच आकड्यांची एक पैज याहून महाग पडते, बाकी कुठंही लावले तरी फरक नाही. बटण दाबून खेळायची स्लॉट यंत्रं त्याहून महाग पडतात, आणि ते कळत नाही. ज्यावर एक सेंट लिहिलंय, ते यंत्र बहुधा एका सेंटमध्ये चालत नाही, पुष्कळदा कमीत कमी चाळीस-पन्नास सेंट तरी लावावे लागतात. धरून चाला ६० सेंट, तासाला सहाशे वेळा बटण, म्हणजे ३६० डॉलर फिरले. यंत्र त्यातले दहा टक्के ठेवत असेल तर तासाला ३६ डॉलर गेले. मधेमधे घंटा वाजते, दिवे लागतात, तेव्हा जिंकल्यासारखं वाटतं. ६० लावून २० परत आले तरी घंटा वाजतेच. "आता बराच वेळ लागलं नाही, म्हणजे लागेल" हे तर डोक्यातून काढूनच टाका. दर खेपेला आकडा नव्यानं निघतो, मागचं त्याला काही ठाऊक नसतं.

म्हणून दोघांनी प्रत्येकी ४० डॉलरची पाकिटं करायची, रोख. ती संपली की उठायचं. कार्ड गाडीतच. यंत्रातून बाहेर पडताना पैसे नाहीत, चिठ्ठी मिळते. ती बाजूच्या मशीनमध्ये घातली की रोकड मिळते. चिठ्ठी खिशात विसरून जाणारे पुष्कळ असतात. यंत्रावर मोठी रक्कम लागलीच, तर परदेशी नागरिक म्हणून ३० टक्के कर तिथंच कापतात, आणि पासपोर्ट मागतात. रूलेट आणि ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातल्या जिंकण्यावर मात्र तुम्हाला हा कर लागत नाही. काही ठिकाणी आत सिगारेट ओढायला परवानगी असते. आईला धुराचा त्रास होतो, तेव्हा धूम्रपानबंदीचा भाग विचारूनच बसू. माझ्या दृष्टीनं कॅसिनोचा खरा उपयोग वेगळा आहे: रात्रभर उजेड आणि सुरक्षारक्षक असलेलं मोठं पार्किंग, स्वच्छ संडास, आणि उशिरापर्यंत बसून जेवता येईल अशी जागा. फक्त आरव्ही मुख्य दारासमोरच्या छताखाली न्यायची नाही, आपली उंची साडेतीन मीटरच्या घरात आहे. बसची जागा वेगळी असते. पार्किंगमध्ये रात्र काढायची तर आधी रक्षकाला विचारायचं, आणि बाहेर खुर्च्या मांडायच्या नाहीत, ताडपत्री उघडायची नाही.

दुसऱ्या दिवशी सोकोरोला पेट्रोलची टाकी पूर्ण भरायची. पुढं सॅन अँटोनियोहून पूर्वेला वळलं की कॅरिझोझोपर्यंत शंभरेक किलोमीटर पंप नाही. हा रस्ता क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्राच्या उत्तर कडेनं जातो. १६ जुलै १९४५ला पहिला अणुबॉम्ब फोडला, ती जागा याच्या दक्षिणेला आहे, पण एरवी लोकांना बंद असते. कॅरिझोझोजवळ काळ्या लाव्हाचा सुमारे पाच हजार वर्षांचा प्रवाह दिसतो. तिथून दक्षिणेला अलामोगोर्डो. दिवसभरात ३३० किलोमीटर, मध्ये दोन मोठे थांबे.

अलामोगोर्डोचं अंतराळ इतिहासाचं संग्रहालय हाच या सहलीचा गाभा, त्याला पूर्ण दिवस द्यायचा. डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी काचेची चौकोनी इमारत आहे, १९७६ साली उघडलेली. आत गेल्यावर आधी लिफ्टनं सगळ्यात वर जायचं आणि उतारानं बघत बघत खाली यायचं. आईच्या गुडघ्यांना चढ नाही.

बाहेरचं आधी, सकाळच्या उन्हात. तिथं सॉनिक विंड वन नावाची रॉकेटची घसरगाडी ठेवलीय. सांगाडाच आहे, वर एक उघडी खुर्ची. १० डिसेंबर १९५४ला जॉन स्टॅप या वायुसेनेच्या डॉक्टरनं स्वतःला त्या खुर्चीला बांधून घेतलं. मागं ९ रॉकेटं. पाच सेकंदांत ताशी १,०१७ किलोमीटर वेग, आणि मग १.४ सेकंदांत पूर्ण थांबली. ब्रेक पाण्याचा होता: रुळांमधल्या चरात पाणी भरलेलं, आणि गाडीखालचा पन्हळीसारखा भाग त्यात शिरून पाणी उडवत गाडीला अडवायचा. थांबताना शरीरावर वजनाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना. पण माणूस वाचला, कारण पट्टे नीट बांधलेले होते. वैमानिक किती सहन करू शकतो हे त्यातून कळलं, आणि पुढं मोटारीतल्या पट्ट्यांसाठी स्टॅप झटत राहिले. १९९९ साली याच गावात वारले. आरव्हीतल्या पट्ट्याबद्दल मी इतकी का मागं लागते, ते त्या खुर्चीसमोर उभं राहिलं की कळेल.

समोरच ध्वजांच्या खांबांजवळ हॅमची समाधी आहे. हा चिंपांझी इथल्याच वायुसेनेच्या हॉलोमन तळावर शिकवून तयार केलेला. दिवा लागला की ठरावीक वेळात दांडी ओढायची, चुकलं की पायाला विजेचा सौम्य झटका. ३१ जानेवारी १९६१ला तो रॉकेटमधून साडेसोळा मिनिटांचं उड्डाण करून आला. रॉकेटनं ठरल्यापेक्षा जास्त जोर लावला, तो ठरल्यापेक्षा वर आणि लांब गेला, तरी दांडी ओढत राहिला. त्यावरून कळलं की वजनरहित अवस्थेत हात-डोकं चालतं. मग ५ मे १९६१ला ॲलन शेपर्ड हे पहिले अमेरिकी अंतराळवीर गेले. हॅम १९८३ साली मेला. आई, तुला लायका कुत्रीचं वाईट वाटायचं, हॅमचं निदान असं की तो परत आला. जमिनीत बसवलेली साधी पाटी आहे, आणि लोक तिथं केळी ठेवून जातात.

उभं असलेलं लिटल जो टू हे रॉकेट २६ मीटर उंच आहे. चंद्रावर जाण्यासाठी नव्हतंच ते. अपोलोच्या मुख्य रॉकेटला आग लागली तर वरची कुपी अंतराळवीरांसह ओढून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी त्यावर घेत. जवळच्या व्हाइट सँड्सच्या धावपट्टीवर ३० मार्च १९८२ला कोलंबिया हे स्पेस शटल, म्हणजे पुन्हा वापरता येणारं अंतराळयान, उतरलं होतं, कारण कॅलिफोर्नियातली नेहमीची धावपट्टी पावसानं ओली होती. पांढरी धूळ यानात इतकी शिरली की पुन्हा तिथं कोणतंही स्पेस शटल उतरवलं नाही.

ती पांढरी धूळ म्हणजे जिप्सम. व्हाइट सँड्सला, म्हणजे पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांच्या राष्ट्रीय उद्यानाला, दुपारी चारच्या सुमाराला जाऊ. या खोऱ्यातून बाहेर जाणारी नदीच नाही, म्हणून डोंगरातून विरघळून आलेलं जिप्सम इथंच साठतं, तळं आटलं की स्फटिक होतात आणि वाऱ्यानं फुटून वाळू. उन्हातही पायाला चटका बसत नाही, अनवाणी चालता येतं. आईसाठी लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, कठडे आणि बाकांसह. गॉगल मात्र दोघांनीही. आत मुक्काम करता येत नाही. क्षेपणास्त्राची चाचणी असली की रस्ता तासभर किंवा जास्तही बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करेन.

याच हमरस्त्यावर सीमा गस्तीचं तपासणी नाकं आहे. मेक्सिकोची सरहद्द दूर नाही, आणि तिथं गाड्या थांबवून चौकशी करतात. घाबरायचं काहीच नाही. मूळ पासपोर्ट आणि आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत दोघांनी गळ्यातल्या पिशवीत ठेवायची, घरी कपाटात नाही. फोटोकॉपी पुरत नाही. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं: भारतीय नागरिक, मुलीकडे आलोय.

शेवटचा टप्पा मेस्कालेरोचा. चढ लांबलचक आहे, उतरताना ब्रेकवर पाय ठेवून चाललं तर ब्रेक तापून सुटतात, म्हणून खालचा गियर. शेजारचा क्लाउडक्रॉफ्टचा घाट मी टाळणार आहे. तो २६ किलोमीटरांत १,३०० मीटर चढतो आणि गाव २,६०० मीटरवर आहे, बाबांच्या रक्तदाबाला ते नको. मेस्कालेरो अपाची समाजाचं इन ऑफ द माउंटन गॉड्स तळ्याकाठी आहे. वेंडेल चिनो यांनी कित्येक दशकं समाजाचं नेतृत्व केलं, त्यांच्याच काळात, १९७५ साली, हे हॉटेल उभं राहिलं. आताची इमारत नंतरची. त्या रात्री मी तिथली खोली घेतलीय. गाडीत इतके दिवस झाल्यावर भरपूर गरम पाण्याची अंघोळ आणि सरळ पलंग तुम्हाला हवा. रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. चढावर दोघांनी पाणी पीत राहायचं, पहिल्या संध्याकाळी जिने आणि फेरफटका नको.

आणायचं ते एवढंच: स्वेटर, कानटोपी, घट्ट बसणारे बूट, सुती टॉवेल, मेतकूट आणि भाजणी. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, ठरल्यापेक्षा दहा दिवसांची जास्त. विम्याच्या कागदावर आधीच्या आजारांचं कलम काय आहे ते बाबांनी वाचून मला त्याचा फोटो पाठवा, आणि औषधांची नावं-मात्रा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. त्या कागदाची एक प्रत फ्रिजच्या दारावर लावायची आहे.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
मनू